जिप्सीचं स्टिअरिंग थडथडतंय? डॅम्पर विकत घेण्याआधी या चुका टाळा

जुनी मारुती जिप्सी घेतलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: ‘साठच्या पुढे खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून सुटायला बघतं, कुठला डॅम्पर घालू?’ डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचे हिसके जिरवणारा छोटा शॉक अब्सॉर्बर. थांबा. आधी थरथर कधी होते ते सांगा. सत्तर-ऐंशीला सुरू होऊन वेग वाढवला की विरत असेल, तर दुखणं बहुधा चाकात आहे. बॅलन्सिंग करा, पुढची चाकं मागे टाकून बघा, रिमच्या आत वाळलेला चिखल खरवडा. बॅलन्सिंग बिघडायला तेवढा चिखल पुरतो. पण खड्डा किंवा पुलाचा सांधा लागल्यावर स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके मारायला लागलं आणि वेग अगदी उतरेपर्यंत थांबलंच नाही, तर तो खरा वॉबल. तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या. मग गाडी तशीच रोज चालवू नका.

जिप्सीला पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. 1985 पासून शेवटच्या गाडीपर्यंत ही रचना तीच राहिली. एका चाकाला बसलेला हिसका दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडमधून सरळ दुसऱ्या चाकाला पोचतो. मधे कुठे ढिलाई असेल, तर तो जिरण्याऐवजी वाढत जातो.

डॅम्पर म्हणजे इलाज नाही

डॅम्पर हिसका गिळतो, ढिलाई काढत नाही. नवा घातला की काही महिने गाडी शहाणी वाटते. तेवढ्या काळात आत झीज चालूच राहते, आणि डॅम्पर थकला की वॉबल पहिल्यापेक्षा जोरात परत येतो. पुढची बाजू धड असेल तर तो नसतानाही गाडी वॉबल करत नाही, म्हणून मी त्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. ऑनलाइन मागवायला सोपा, दोन बोल्टांत बसतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. घाईचं दुसरं काही कारण मला दिसत नाही.

‘किंगपिन बेअरिंग नवीन टाकलेत’ यावर विश्वास ठेवणं

साताऱ्याकडची एक जिप्सी किंग आली होती. नवे टायर, नवा डॅम्पर, अलाइनमेंटच्या पावत्यांची चळत, आणि एका गॅरेजचं किंगपिन बेअरिंगचं बिल. किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर नकल, म्हणजे चाक धरणारा भाग, डावी-उजवीकडे वळतो ती. मालक म्हणाले, “अहो, बेअरिंग तर झालंय, बघा किती मऊ फिरतंय!” टाय रॉड सोडवून त्यांनी नकल एका बोटाने फिरवून दाखवला. रोग नेमका तोच होता. किंगपिनची टेपर बेअरिंगं दाबून बसवलेली हवीत, नकल फिरवताना हाताला विरोध जाणवायला हवा. आम्ही उघडलं. रोलर नवे, पण बाहेरच्या रिंगा जुन्याच, आणि त्यांत रोलरच्या रेघांचे खड्डे. नकल वर्षानुवर्षं सरळच्या आसपासच हलतो, म्हणून रिंग एकाच जागी खाल्ली जाते. शिवाय किंगपिनखाली जुन्या सगळ्या शिम (पातळ चकत्या) तशाच, वर सिलिकॉनचा जाड थर. दाब राहणार कुठून? रिंगा बदलल्या, सिलिकॉन खरवडलं, शिम कमी केल्या. त्यांच्या नव्या डॅम्परला हातही लावला नाही, गाडी सरळ झाली.

शिम अंदाजाने काढू नका. टाय रॉड सोडवा, नकलवरच्या त्याच्या भोकात स्प्रिंगकाटा (ओढ मोजणारा) अडकवा आणि नकल किती ओढीला हलतो ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. तो आकडा सील काढून मोजायचा असतो. सील लावून मोजलं की सीलचाच विरोध मोजला जातो. आणि रोलर बदलताना रिंगा वाचवणाऱ्या मेस्त्रीला नमस्कार करून दुसरीकडे जा. नकलच्या सीलमधून ओढ्याचं पाणी शिरून ग्रीस धुपलं असेल, तर सीलही त्याच वेळी बदला.

चाक उचलून सगळंच तपासणं, किंवा न उचलताच

एक चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. ठक जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ठक गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन. एवढं साधं असूनही लोक व्हील बेअरिंग आवळत बसतात.

टाय रॉड आणि ड्रॅग रॉडचे (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट मात्र गाडी जमिनीवर ठेवूनच बघायचे. एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवत राहायचं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. चाक हवेत असलं की सांध्यावर भार येत नाही, मग अर्धे जॉइंट चांगलेच वाटतात.

बाकीच्या, थोडक्यात

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून खेळ (ढिलाई) मारू नका. मधेच अडकणारं स्टिअरिंग वॉबलपेक्षा वाईट.

पाटे बांधून धरणारे यू-बोल्ट ढिले, पाट्यांचे बुश फाटलेले: बघायला पाच मिनिटं लागतात, तरी कोणी बघत नाही.

दोन्ही चाकांत हवा सारखी ठेवा. हे सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) घालून पुढची बाजू उचललीत? जिप्सीचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांबवले की अ‍ॅक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो, कॅस्टर (किंगपिनचा मागचा झुकाव) घटतो आणि चाकं स्वतःहून सरळ यायला कुचराई करतात. पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचरी शिम बसवून कॅस्टर परत आणता येतो. पण वर रुंद टायर आणि बाहेर आलेले रिमही लावले असतील, तर मला विचारू नका, मूळ रिम शोधा.

काम झाल्यावर शे-दोनशे किलोमीटर चालवा, मग यू-बोल्ट पुन्हा आवळा. नव्या रिंगा जागेवर बसल्या की दाब थोडा उतरतो, तेव्हा स्प्रिंगकाटा पुन्हा एकदा लावून बघा.