खुब्याचं ऑपरेशन ठरवताय? या चुका टाळा

कणकवलीच्या बाजूला बरीच वर्षं मी फिजिओथेरपी करते. खुब्याचा पेशंट पहिल्यांदा येतो तो बहुतेक वेळा गुडघ्याला तेल चोळून, पट्टा बांधून. खुब्याची कळ जांघेतून गुडघ्यापर्यंत उतरते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी त्याला उताणा झोपवते, गुडघा वाकवून मांडी आतल्या बाजूला फिरवते. जांघेत कळ आली की खुब्याचा एक्सरे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायला लागलेला असेल तर सुरुवातीला एक्सरेत काहीच दिसत नाही, मग एमआरआय. हे न करता 'रिप्लेसमेंट की रिसरफेसिंग' यावर घरात चर्चा सुरू होते, ती मला बघवत नाही.

आता माझी खरी तक्रार. 'रिसरफेसिंग म्हणजे छोटं ऑपरेशन, लवकर मोकळं.' तसं नाही हो! रिप्लेसमेंटमध्ये गोळा कापून मांडीच्या हाडात दांडा बसवतात. रिसरफेसिंगमध्ये गोळा तासून त्यावर धातूची टोपी बसवतात. गोळा ज्यात फिरतो ती वाटी दोन्हीकडे नवीन. चीरही लहान नसते, कारण गोळा जागेवर ठेवूनच वाटीपर्यंत पोचायचं असतं. मांडीचं हाड वाचतं, हे खरं. पण ती टोपी पेलणारी, गोळ्याखालची हाडाची मान तुमचीच राहते, आणि पहिल्या काही महिन्यांत ती मोडण्याची भीती असते.

देवगडकडचे एक बागायतदार, पन्नाशीच्या आतले. कलमांवर चढायचं म्हणून त्यांनी रिसरफेसिंग करून घेतलं. निवड चुकीची नव्हती: पुरुष, हाड दणकट, गोळा मोठा. सहा आठवड्यांत काठी सुटली आणि तिथेच घात झाला. मी सांगत होते, सहा महिने झाडाखाली उभं राहून माणसांकडून काम करून घ्या. "माका आता काय दुखत नाय," एवढंच उत्तर. तिसऱ्या महिन्यात, ऐन हंगामात, खालच्या फांदीवर चढले आणि दोन-अडीच फुटांवरून उडी टाकली. पडले नाहीत, घसरले नाहीत. नुसते दोन पायांवर उतरले. टोपीखालची हाडाची मान मोडली. घाट चढून कोल्हापूर, पुन्हा भूल, पुन्हा टाके, आणि शेवटी मांडीत दांडा बसलाच. त्यांच्या बायकोने मला फोनवर विचारलं, "तुम्ही त्यांना दरडावलं का नाही?" तेव्हापासून मी पेशंटबरोबर घरच्या माणसालाही समोर बसवते आणि सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहायला लावते. दुखणं थांबलं म्हणजे हाड तयार झालं, असं मानणाऱ्यांशी मी आता गोड बोलत नाही.

बायकांनी धातूवर धातू घासणारं रिसरफेसिंग मागू नये. गोळा लहान असला की झीज वाढते, कोबाल्ट आणि क्रोमियम हे त्यातले धातू रक्तात उतरतात, आजूबाजूचं मांस खराब होतं. 'बर्मिंगहॅम हिप' हा असाच रिसरफेसिंगचा खुबा बनवणाऱ्या कंपनीनेच २०१५ मध्ये ते स्त्रियांसाठी वापरू नये असं सांगितलं आणि लहान मापं बाजारातून काढून घेतली. किडनी कमजोर असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील, तर पुरुषांनीही नाद सोडावा. गोळा आतून बराच सुकला असेल तर टोपी बसवायला पायाच उरत नाही.

'रिप्लेसमेंट दहा वर्षंच टिकतं' हे जुनं झालं. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकतील असा अंदाज आहे. तरी निखळू नये म्हणून सुरुवातीला पाट, विळी आणि उकिडवं बसणं बंद. घरी खुर्चीचा संडास ऑपरेशनच्या आधी करून घ्या, नंतर गवंडी मिळत नाही.

आणि आत काय बसवलंय त्याचं स्टिकर मागून घ्या. 'एएसआर' नावाचे खुबे २०१० मध्ये कंपनीने जगभरातून परत मागवले, तेव्हा स्वतःच्या अंगात कुठला आहे हे फाईल नसलेल्यांना सांगता येईना. कोकणातल्या पावसात कागदाला बुरशी धरते, म्हणून त्याचा फोटो काढून मुंबईच्या मुलाच्या फोनवरही ठेवा.