आधी मोजणी, मग नियंत्रण: पुण्यातील फ्लॅटसाठी गिझर, वीजमीटर आणि पाणीमीटर

थंड देशांत घराच्या ऊर्जेचा मोठा वाटा खोल्या उबदार ठेवण्यात जातो आणि घरातील स्वयंचलित नियंत्रणाचा इतिहासही तेथूनच सुरू होतो. अमेरिकेतील वॉरन जॉन्सन या शिक्षकाने १८८३ मध्ये विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले, ते वर्गखोल्यांचे तापमान सांभाळण्याच्या गरजेतून. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, कधी त्याखालीही जातो. तरीही आपण खोली तापवत नाही, आंघोळीचे पाणी तापवतो. त्यामुळे पुण्यातील घरात तापमान-नियंत्रण करायचे म्हणजे प्रथम गिझरकडे पाहायचे, आणि त्यात काही बचत होते की नाही हे कळण्यासाठी वीज व पाणी यांची मोजणी दुरून वाचता येईल अशी करायची. आवाजी आज्ञेने दिवे लावणे किंवा पडदे सरकवणे ही हौस आहे. तिचा विचार येथे केलेला नाही.

सुरुवात मोजणीपासून करावी. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे अशा टप्प्यांत आकारले जातात आणि पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना प्रतियुनिट दर दुपटीच्या आसपास वाढतो. महिन्याला साठ-सत्तर युनिटे खाणारा गिझर लहान कुटुंबाला हमखास वरच्या टप्प्यात ढकलतो, परंतु महिन्यातून एकदा येणाऱ्या बिलावरून हे काम गिझरचे, फ्रिजचे की पाण्याच्या पंपाचे, हे ओळखता येत नाही.

महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या दर्शनी भागावर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याजवळ ३२०० किंवा तत्सम आकडा छापलेला असतो आणि त्याचा अर्थ एक युनिट वीज वापरली गेली की दिवा तितक्या वेळा लुकलुकतो, असा आहे. या दिव्यासमोर फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा छोटा घटक) चिकटवून त्याची जोडणी ईएसपी३२ सारख्या छोट्या वायफाय नियंत्रकाला दिली की मीटरला हात न लावता वापर मोजता येतो. दोन किलोवॉटचा गिझर एकटा चालू असेल, तर ३२०० च्या मीटरवर तासाला ६४०० स्पंदने पडतात, म्हणजे सेकंदाला पावणेदोनपेक्षा थोडी अधिक. प्रकाशाला मंद प्रतिसाद देणारा एलडीआर (उजेडानुसार विद्युतरोध बदलणारा घटक) येथे वापरू नये, कारण स्पंदन अगदी थोडा वेळ टिकते आणि भार वाढला की काही स्पंदने निसटतात. संवेदक काळ्या रबराच्या नळीत बसवावा, म्हणजे बाहेरचा उजेड आत येणार नाही. मीटरवर एकापेक्षा अधिक दिवे असल्यास ‘कॅल’ अशी खूण असलेला दिवा निवडावा. नियंत्रकातील बेरीज ठरावीक अंतराने कायमस्वरूपी स्मृतीत साठवावी, नाहीतर वीज गेली की मोजणी शून्यापासून सुरू होते. महिनाअखेरीस ही बेरीज मीटरच्या पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावी. टक्का-दोन टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर संवेदकाची जागा चुकली आहे असे समजावे.

येथे एक मर्यादा काटेकोरपणे पाळायची आहे. संवेदक मीटरच्या बाहेरून, काढता येईल अशा पट्टीने चिकटवावा. सील, झाकण आणि मीटरकडे येणाऱ्या तारा यांना स्पर्शही करू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १३८ प्रमाणे मीटरमध्ये ढवळाढवळ करणे हा गुन्हा आहे, आणि हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा आधीच अंतर राखलेले बरे. महावितरणचा स्मार्ट मीटर बसला असेल, तर हा खटाटोप बहुतांशी अनावश्यक ठरतो, कारण तो मीटर आपली नोंद स्वतःच दूरसंचार जाळ्यावरून पाठवतो आणि ग्राहकाला आपला वापर मोबाइलवर पाहता येतो. अशा मीटरमध्ये वापराची वेळही नोंदली जात असल्यामुळे बिलावर दिवसाच्या वेळेनुसार सवलत दाखवली आहे का, हे तपासून गिझरचे वेळापत्रक ठरवावे.

पुण्यातील बहुतेक सोसायट्यांत मीटर तळमजल्यावरील मीटर रूममध्ये असतात आणि चौथ्या-पाचव्या मजल्यावरील वायफाय तेथवर पोहोचत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या, भारतात परवान्याविना वापरता येणाऱ्या पट्ट्यातील लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ वापरणे. त्याचा संदेश लहान असतो, परंतु काही स्लॅब ओलांडून तो वर पोहोचू शकतो. परदेशी संकेतस्थळावरून यंत्र मागवताना ते युरोपच्या किंवा अमेरिकेच्या पट्ट्याचे नाही ना, हे अवश्य पाहावे. दुसरा, मला अधिक पसंत असलेला उपाय म्हणजे फ्लॅटमधील वितरण पेटीत पट्टीवर बसणारा स्वतंत्र उपमीटर लावणे. त्याला आरएस-४८५ जोडणी आणि मॉडबस ही भाषा असली की विद्युतदाब, प्रवाह, शक्ती आणि एकूण युनिटे थेट वाचता येतात, आणि गिझरच्या मंडलावर (सर्किटवर) असा एक वेगळा उपमीटर लावल्यास कोणता भार कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही. हे सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात मिळते, मात्र घेताना मॉडबसचा नोंदतक्ता, म्हणजे कोणता आकडा कोणत्या क्रमांकावर वाचायचा याची यादी, मागून घ्यावा. तो नसेल तर उपमीटर स्वस्त असूनही निरुपयोगी ठरतो.

मोजणी दोन-तीन आठवडे चालली की गिझरकडे वळावे. त्याचे गणित सोपे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचावन्न अंशांवर नेण्यासाठी साधारण ३,६६५ किलोज्यूल, म्हणजे जवळपास एक युनिट खर्च होते आणि दोन किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. पंधरा लिटरच्या गिझरला याच हिशेबाने सुमारे अठरा मिनिटे पुरतात. सहा वाजता आंघोळ करणाऱ्याने रात्रीपासून गिझर चालू ठेवण्याचे कारण या आकड्यांत कोठेही सापडत नाही. गिझर रात्रभर चालू ठेवून आणि पाणी अजिबात न वापरता उपमीटरवर किती युनिटे चढतात, हे एकदा पाहून घ्यावे. पाणी नुसते गरम राखण्याचा तो तुमच्या घरातील खरा खर्च होय, आणि जुन्या, उष्णतारोधक थर खराब झालेल्या गिझरमध्ये तो चांगलाच डोळ्यांत भरतो.

वेळापत्रक मिनिटांवर घट्ट बसवू नये. हीटरची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला दोन किलोवॉट घेणारा गिझर २०० व्होल्टला सुमारे दीडच किलोवॉट घेतो, आणि मग तेच पाणी तापायला चाळीस मिनिटे लागतात. म्हणून आंघोळीच्या पाऊण तास आधी गिझर चालू करावा, तापमान मर्यादित करण्याचे काम त्याच्या मूळ थर्मोस्टॅटकडेच राहू द्यावे, आणि प्रवाह शून्यावर आल्याचे उपमीटरने दाखवताच मोबाइलवर ‘पाणी तयार’ असा संदेश जाईल अशी योजना करावी. एकूण दीड तासानंतर काहीही असले तरी पुरवठा तोडणारी कमाल मर्यादा नियंत्रकातच लिहिलेली असावी. तीन लिटरच्या तात्काळ गिझरला यांपैकी कशाचाही उपयोग नाही, कारण तो पाणी साठवून ठेवतच नाही म्हटले तरी चालेल.

जोडणीत सर्वाधिक चुका क्षमतेच्या बाबतीत होतात. दोन किलोवॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो आणि तीन किलोवॉटचा तेरा. दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग दोन किलोवॉटसाठी कागदावर पुरतो, परंतु रोज अर्धा-पाऊण तास सलग भार घेऊन त्याचे संपर्कबिंदू तापतात आणि प्लास्टिक पिवळे पडू लागते. किमान सोळा अँपिअरचे यंत्र घ्यावे. त्याहून चांगली रचना म्हणजे वितरण पेटीत पंचवीस अँपिअरचा द्विध्रुवी काँटॅक्टर (जड प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) बसवून स्मार्ट रिलेने केवळ त्या काँटॅक्टरचे कॉइल चालवणे, म्हणजे जड प्रवाह नाजूक यंत्रातून जातच नाही आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तुटतात. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे, मंडलावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग असल्याची खात्री करावी, आणि गिझरच्या आतील अतितापरोधक (पाणी फार तापल्यास वीज तोडणारा भाग) कोणत्याही कारणाने वगळू नये. बोअरवेल किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात, तेव्हा याच रोधकावर घराची सुरक्षा अवलंबून असते.

भिंतीवरचा नेहमीचा स्विच तसाच ठेवावा. घरातील आजीला मोबाइल न उघडता गिझर लावता आला पाहिजे, आणि इंटरनेट बंद असतानाही वेळापत्रक चालले पाहिजे. म्हणून होम असिस्टंट किंवा ईएसपीहोम यांसारखी, घरातल्या घरात चालणारी प्रणाली निर्मात्याच्या सर्व्हरवर विसंबलेल्या प्रणालीपेक्षा श्रेयस्कर आहे. वीज जाऊन परत आल्यावर रिले ‘बंद’ स्थितीत यावा, अशी मांडणी करावी. गुरुवारी देखभालीसाठी वीज आणि पाणी दोन्ही बंद राहण्याची पुणेकरांना सवय आहेच. त्या दिवसासाठी वेळापत्रक स्थगित करणारे एक बटण ठेवावे.

गच्चीवर सौर जलतापक असलेल्या सोसायट्यांत प्रश्न थोडा वेगळा असतो. टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेचे कॉइल बसवलेले असते, आणि ते संध्याकाळीच चालू केले तर सूर्य उगवेपर्यंत टाकी आधीच गरम झालेली असते व सौरपट्ट्यांना तापवायला काही उरत नाही. टाकीच्या वरच्या भागात, पाण्यात उतरणाऱ्या बंद नळीत डीएस१८बी२० हा तापमान-संवेदक ठेवावा. पहाटे चार वाजता तापमान ठरवलेल्या मर्यादेखाली असेल तरच कॉइल चालू होईल, अशी अट घालावी. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ते वरचेवर चालू होईल, मार्चमध्ये क्वचितच. याच ठिकाणी पाण्याचाही हिशेब डोकावतो: वीस मिलिमीटर अंतर्व्यासाच्या तीस मीटर नळात सुमारे साडेनऊ लिटर थंड पाणी उभे असते आणि गरम पाणी येईपर्यंत बहुतेक घरांत ते सरळ मोरीत जाते. खालच्या मजल्यांना बादली भरून ठेवायला सांगणे हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे.

पाण्याची मोजणी विजेपेक्षा अवघड आहे आणि तिचे कारण इमारतीच्या नळरचनेत आहे. वीज प्रत्येक फ्लॅटला एकाच ठिकाणाहून येते. पाणी मात्र जुन्या इमारतींत स्वयंपाकघरासाठी एका उभ्या नळाने, प्रत्येक न्हाणीघरासाठी वेगळ्याने, आणि संडासाच्या फ्लशसाठी कधी तिसऱ्याच टाकीतून येते. एका फ्लॅटला त्यामुळे तीन-चार मीटर लागतात. मीटर विकणारा प्रतिनिधी हे पहिल्या भेटीत सांगतोच असे नाही, म्हणून दरपत्रक मागवण्याआधी प्लंबरला बरोबर घेऊन डक्टमधील सर्व उभे नळ मोजून त्यांचा नकाशा काढावा.

पहिला मीटर फ्लॅटला लावू नये. तो गच्चीवरील टाकीतून खाली उतरणाऱ्या मुख्य नळावर लावावा. पुढे फ्लॅटचे मीटर बसले की त्यांची बेरीज मुख्य मीटरशी जुळते का, हे याच आकड्याने कळते. महापालिकेच्या खंडित पुरवठ्याच्या नळावर फिरत्या चक्राचा मीटर असेल, तर पाणी येण्याआधी नळातून निघणारी हवाही तो पाणी म्हणून मोजतो. टाकीच्या खाली, सदैव भरलेल्या नळावर हा दोष येत नाही. मीटरच्या आधी नळाच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट लांबीचा सरळ भाग मिळाला तर उत्तम. ध्वनिलहरींवर चालणारे मीटर याबाबत अधिक सोशिक असतात आणि त्यांच्यात झिजणारे भागही नसतात, परंतु त्यांची बॅटरी किती वर्षांची आहे आणि ती बदलता येते का, हे लेखी घ्यावे. स्पंदन देणारा मीटर घेतल्यास एका स्पंदनाला एक लिटर की दहा लिटर, हे विचारावे. गळती शोधायची असेल तर एक लिटरचाच हवा.

मुख्य मीटरची खरी किंमत रात्री दोन ते चार या वेळेत कळते. त्या दोन तासांत इमारतीतील जवळजवळ सर्वजण झोपलेले असतात, त्यामुळे तेव्हा सतत दिसणारा प्रवाह बहुधा गळतीचा असतो, आणि पुष्कळदा ती वाहणाऱ्या फ्लशची किंवा न बंद होणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हची निघते. मिनिटाला एक लिटर हा प्रवाह कानाला ऐकूही येत नाही, तरी तो दिवसाला १,४४० लिटर होतो. टँकर मागवणाऱ्या सोसायटीने फ्लॅटनिहाय बिले सुरू करण्यापूर्वी हा आकडा शक्य तितका खाली आणावा, नाहीतर सामाईक गळतीचा भार कोणी उचलायचा, यावर सर्वसाधारण सभा मध्यरात्रीपर्यंत चालेल. फ्लॅटनिहाय आकारणीचा ठराव सभेत मंजूर करून घ्यावा आणि पहिले दोन-तीन महिने आकडे फक्त दाखवावेत, पैसे घेऊ नयेत.

नळाने येणाऱ्या गॅसच्या मीटरला मात्र घरगुती संवेदक जोडू नये. तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्याच्या जवळ ठिणगी पाडू शकणारे कोणतेही यंत्र नको. महिन्यातून एकदा आकड्यांचा फोटो काढून तक्त्यात भरणे पुरेसे आहे. ही सर्व आकडेवारी घरातील लोक कधी उठतात, कधी बाहेरगावी असतात, हेही सांगत असल्यामुळे सोसायटीच्या गटावर फक्त मासिक बेरीज द्यावी, तासागणिक तक्ते ज्याचे त्यालाच दिसतील असे ठेवावे, आणि प्रणालीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.