किडनीच्या डॉक्टरांकडे मिरजेला जाताना

आप्पांना पहिल्यांदा किडनीच्या डॉक्टरांकडे मिरजेला नेलं तेव्हा माझ्या हातात जाडजूड फाइल होती. सहा वर्षांचे शुगरचे रिपोर्ट, ईसीजी, छातीचा एक्सरे, कधीतरी झालेल्या डेंग्यूचे कागदसुद्धा. डॉक्टरांनी फाइल चाळली आणि विचारलं, "लघवीचा एसीआर कुठाय?" लघवीतून प्रोटीन किती जातंय ते सांगणारा तो रिपोर्ट नव्हता. कधी केलाच नव्हता. आत्ता सॅम्पल द्यावं म्हटलं तर आदल्या दिवशी आप्पा दिवसभर बागेत राबलेले आणि अंगात कणकण. डॉक्टर म्हणाले, अशा दिवसाचं सॅम्पल धरता येत नाही. बरं वाटल्यावर सकाळचं पहिलं द्या आणि रिपोर्ट घेऊन या, मग औषधाचं ठरवू. सप्टेंबर संपत आला होता. ऑक्टोबर छाटणी लागली, मग विरळणी, मग माल उतरायची गडबड. पुन्हा मिरज गाठली तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, 1.6 होतं ते 1.9 झालं होतं. आप्पांचं वय 66, त्या हिशेबाने ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय त्याचा अंदाज, 47 वरून 38. ते पाच महिने एका कागदापायी गेले, आणि तो कागद आणायचं काम माझं होतं.

म्हणून तासगाव, जत, कवठेमहांकाळ, पलूस, कुठूनही कोणी आईला-वडिलांना घेऊन निघणार असेल तर त्यांच्यासाठी ही यादी. आधार, रेशनकार्ड, पैसे, डबा, पाणी यावर बोलत नाही, ते तुम्हाला कळतं.

पहिली गोष्ट, लघवीचा एसीआर. दुसरी गोष्टही तीच. रक्तातल्या क्रिएटिनिनवर आपण सगळे डोळे लावून बसतो, पण किडनीचं जवळजवळ निम्मं काम जाईपर्यंत ते नॉर्मलच्या आत दिसू शकतं. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन झिरपायला लागणं ही त्याच्या कितीतरी आधीची खूण असते. चाळणीची भोकं मोठी झाली की प्रोटीन खाली येतं, एवढं साधं आहे ते. एसीआर म्हणजे लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन जातंय त्याचा आकडा. 30 च्या आत असेल तर ठीक, 30 ते 300 म्हणजे गळती सुरू झालीय, 300 च्या वर म्हणजे जोरात चाललीय. आप्पांचा निघाला 1140. पायावर सूज नव्हती, जेवण व्यवस्थित, लघवीला कसला त्रास नाही. 1140! ज्यांना टाइप 2 शुगर आहे त्यांनी शुगर निघाली त्या वर्षापासून दरवर्षी ही तपासणी करायची असते. आमच्याकडे सहा वर्षांत एकदाही झाली नाही, कारण शुगरची रक्ततपासणी दर तीन महिन्यांनी होत होती आणि आम्हाला वाटत होतं, झालं की सगळं.

लॅबमध्ये काय सांगायचं तेही नीट ऐका, कारण इथे मी दुसऱ्यांदा चुकले. फेब्रुवारीत जायच्या आधी दादाला फोनवर सांगितलं, "आप्पांची लघवी तपासून घे." त्याने गावातल्या लॅबमध्ये तेच सांगितलं आणि त्यांनी युरिन रुटीन करून दिलं. त्यावर 'प्रोटीन ++' असं लिहून आलं. ती पट्टी बुडवून केलेली तपासणी. प्रोटीन आहे एवढं ती सांगते, नेमकं किती ते नाही, आणि थोडं अल्ब्युमिन असेल तर तिला ते दिसतच नाही. निघायच्या दोन दिवस आधी ते माझ्या लक्षात आलं म्हणून धावपळ करून सांगलीतून एसीआर करून घेतला. तेव्हा 'लघवी तपासा' म्हणू नका. 'युरिन एसीआर' म्हणा, चिठ्ठीवर लिहून द्या, आणि पावतीवर तेच नाव आलंय का ते बघूनच काउंटर सोडा.

सॅम्पल सकाळी उठल्याउठल्या जी पहिली लघवी होते तिचंच. थोडी सोडून द्यायची आणि मधली धार डबीत धरायची. आदल्या दिवशी पाठीवर पंप घेऊन फवारणी किंवा तसलं अंगमेहनतीचं काम नको. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, बायकांची पाळी चालू असेल, तर दिवस पुढे ढकला. डबी दोनेक तासांत लॅबला पोचवा. नाहीच जमलं तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. क्रिएटिनिनचं रक्तही त्याच सकाळी देणार असाल तर आदल्या रात्री मटण-चिकन नको, शिजवलेल्या मांसाने तो आकडा थोडा वर जातो. आणि हे सगळं मिरजेला जायच्या आठ-दहा दिवस आधी. त्या दिवशी सकाळी नाही.

एवढा धोशा का लावतेय? आता हातात औषधं आहेत म्हणून. 2001 साली लोसार्टन आणि इर्बेसार्टन या बीपीच्या गोळ्या शुगरवाल्यांची किडनी सांभाळतात हे मोठ्या चाचण्यांत दिसलं, आणि त्यानंतर अठरा वर्षं नवं फारसं काही हाती लागलं नाही. 2019 ला कॅनाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीची चाचणी आली. 2020 ला त्याच जातीच्या डापाग्लिफ्लोझिनची, 4304 पेशंटची. त्यात किडनीचं काम निम्म्याहून खाली जाणं, ती निकामी होणं किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू येणं, हा सगळा मिळून धोका 39 टक्क्यांनी कमी झाला. चाचणीतल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना शुगर नव्हतीच. शुगरची म्हणून ओळखली जाणारी गोळी शुगर नसलेल्याची किडनीही वाचवते, हे मी डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा घरी येऊन आईला दोनदा समजावून सांगितलं. एम्पाग्लिफ्लोझिनचा निकाल 2023 ला छापून आला, 6609 पेशंट, धोका 28 टक्के कमी. त्याच्या आगेमागे फिनेरेनोन आलं, ते टाइप 2 शुगर आणि लघवीतून अल्ब्युमिन जाणाऱ्यांसाठी. 2024 ला सेमाग्लुटाइड इंजेक्शननेही शुगरवाल्यांच्या किडनीचा धोका 24 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आणि 2025 मध्ये फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन एकदम सुरू केलं तर सहा महिन्यांत एसीआर निम्म्याने खाली येतो, एकेकटं दिल्यापेक्षा जास्त, हेही समोर आलं. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांची पेटंटं आपल्याकडे संपली आहेत. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव बराच खाली आला, त्यामुळे हे फक्त मुंबई-पुण्याच्या पेशंटसाठी राहिलेलं नाही.

आता बघा, यातलं कोणतं औषध, कोणासाठी आणि किती घाईने, हे ठरवताना डॉक्टर कोणता आकडा मागतात? एसीआर. औषध लागू पडतंय का हे कशावरून कळतं? एसीआर खाली आला का यावरून. येत्या पाच वर्षांत डायलिसिसची वेळ येण्याची शक्यता किती, हे काढायचं एक सूत्र 2011 पासून वापरात आहे. त्यात वय, स्त्री की पुरुष, ईजीएफआर आणि एसीआर, एवढे चारच आकडे लागतात. आमच्याकडे पहिले तीन होते.

बाकीची फाइल. सगळी उचलून नेऊ नका, पण जुनी क्रिएटिनिन मात्र एकूण एक शोधा. हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेलं, कंपनीच्या तपासणीतलं, दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी. तारीख आणि आकडा एका कागदावर एकाखाली एक लिहा. बिघाड तीन महिन्यांहून जुना असेल तरच त्याला जुनाट म्हणतात. अचानक झालेला असेल तर त्याचा मार्ग वेगळा आणि घाईही वेगळी. जुना आकडा नसेल तर डॉक्टरांना हे सांगता येत नाही.

गोळ्यांची नावं पाठ करू नका. स्ट्रिपाच पिशवीत भरा. सगळ्या, म्हणजे मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही. गुडघ्यासाठी घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, ॲसिडिटीची रोजची गोळी, कोणी दिलेला काढा, पुड्या, भस्म. वडीलधारी माणसं पेनकिलरला औषध मानतच नाहीत. आप्पांनी डॉक्टरांना सांगितलं, "बीपी-शुगरचं सोडून काही नाही," आणि खिशात पेनकिलरची अर्धी स्ट्रिप होती. आईला आधी एकटीला विचारा, तिला ठाऊक असतं. भस्माच्या किंवा गोरं करणाऱ्या क्रीमच्या बाबतीत लाजू नका. पारा असलेली देशी औषधं आणि क्रीम वापरणाऱ्यांत एका प्रकारच्या किडनीविकाराचे पेशंट भारतातच आढळले आहेत, आणि ती वस्तू बंद केल्यावर त्यातले बरेच सुधारले.

शुगर असेल तर डोळ्यांचा पडदा तपासल्याचा रिपोर्ट न्या. हे मला आधी पटलं नव्हतं. डोळ्याचा किडनीशी काय संबंध? पण पडद्यावर शुगरचे डाग असतील तर किडनीही शुगरनेच बिघडली असण्याची शक्यता वाढते. पडदा स्वच्छ आणि प्रोटीन मात्र भरपूर, असं असेल तर डॉक्टर दुसरा आजार शोधतात, बायोप्सीचा, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचा विचार करतात. इथेही बदललंय बरंच. मेम्ब्रेनस नावाच्या किडनीच्या आजारात पीएलए2आर ही अँटीबॉडी 2009 मध्ये सापडली, आणि आता काही पेशंटमध्ये त्या रक्ततपासणीवरच निदान होतं, सुई घालावी लागत नाही. बायोप्सी ठरलीच तर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे न विसरता सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सोनोग्राफीचा रिपोर्ट असेल तर न्या. किडनीचा आकार त्यात असतो.

पेशंट फार वाळलेला असेल तर सिस्टॅटिन सी ही रक्ताची दुसरी तपासणी करायची का, एवढं विचारा. अंगावर मांस नसलं की क्रिएटिनिन खोटं चांगलं दिसतं. एसीआर तर तुम्ही आणलेलाच असेल. आणलाय ना?

नवी गोळी सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन जरा वर जातं. घाबरून गोळी बंद करू नका, 30 टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक वेळा धरून चाललेली असते, डॉक्टरांना दाखवा. उलट्या-जुलाब लागले, जेवण बंद झालं, की डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, लोसार्टनच्या जातीच्या बीपीच्या गोळ्या थांबवायच्या का, हे त्या पहिल्याच भेटीत विचारून कागदावर लिहून घ्या. ऑपरेशन ठरलं तर डापा-एम्पाच्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवतात, तेही विचारा. लघवीच्या जागेला खाज आली तर लाजून गप्प बसू नका, या गोळ्यांनी ते होतं आणि बरंही होतं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर कमी सोडियमचं मीठ आणू नका, त्यात पोटॅशियमच असतं. शहाळंही विचारूनच.

पुढच्या टप्प्यातल्या घरांसाठी थोडक्यात. ईजीएफआर 30 च्या खाली आला की ज्या हाताने काम करत नाही त्या हाताच्या शिरा जपा, त्यात सलाईन नको, रक्तही दुसऱ्या हातातून काढायला सांगा. डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडतात तो फिस्टुला त्याच हातात करतात आणि तो तयार व्हायला दीड-दोन महिने तरी जातात. काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस आधीच. डायलिसिस महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत बसतं, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. घरातलं कोणी किडनी देणार असेल तर डायलिसिस सुरू व्हायची वाट न बघता आधीच बोला.

मिरजेला नंबर सकाळी लवकर लागतो, पहिली गाडी धरा. परतताना पुढची तारीख घ्या आणि तिच्या दहा दिवस आधीचा दिवस कॅलेंडरवर लिहा: एसीआर. आदल्या रात्री झाकणाची डबी बाथरूमच्या खिडकीत ठेवा, नाव लिहून. आप्पा पहाटे चारला उठतात. डबी दिसली नाही तर विसरतात.