तिसऱ्या घंटेआधी: नाटक आणि चित्रीकरण शिकवणाऱ्यांसाठी तयारीची यादी

मुलांकडून एखादी एकांकिका बसवून घ्यायची आणि तिचं चित्रीकरणही त्यांच्याकडूनच करवून घ्यायचं, असं ठरलं की पहिली चौकशी कॅमेऱ्याची होते. कोणता घ्यायचा, कुणाकडून आणायचा, केवढ्याचा. कॅमेरा या यादीत बराच खाली येतो. प्रत्येक गोष्टीला मी आधी एकच कसोटी लावतो: पडदा वर गेला की शिक्षकाला प्रेक्षकांत जाऊन बसता येईल का? विंगेत उभं राहून हातवारे करावे लागत असतील, तर तयारीत काहीतरी राहिलंय आणि ते बहुधा मुलांच्या हाती द्यायचं राहिलंय.

संहिता पंधरा-वीस मिनिटांची, तीन-चार पात्रांची आणि एकाच जागी घडणारी निवडा. लेखकाची परवानगी लेखी घ्या आणि त्यात प्रयोगासोबत चित्रीकरणाचा आणि ते इंटरनेटवर टाकण्याचाही उल्लेख असू द्या. प्रयोगाची परवानगी मिळाली म्हणजे चित्रफितीचीही मिळाली, असं होत नाही. गाणं किंवा पार्श्वसंगीत वापरणार असाल तर त्याचंही तेच. जी मुलं पडद्यावर दिसणार आहेत त्यांची, आणि ती अल्पवयीन असतील तर पालकांचीही संमती तालमी सुरू होण्याआधी हातात हवी. पहिल्याच आठवड्यात कामं वाटून टाका. रंगमंच व्यवस्थापक, प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, प्रॉपर्टी (नटांनी हाताळायच्या वस्तू), वेशभूषा, कॅमेरा, संकलन असं प्रत्येक काम एकाच्या नावावर असावं आणि त्याच्या जोडीला दुसरा शिकत असावा. रंगमंच व्यवस्थापकाचं काम वर्गातल्या सर्वात बोलक्या मुलाला द्यायचा मोह होतो. तो टाळा. तिथे वही नीट ठेवणारं, ऐकणारं आणि ऐनवेळी आवाज न चढवणारं मूल लागतं.

वही म्हणजे क्यूची वही. क्यू म्हणजे प्रकाश किंवा ध्वनी बदलायचा ठरलेला क्षण आणि त्याचा इशारा; तो रंगमंच व्यवस्थापक या वहीवरून देतो. तिच्यासाठी सर्वात जास्त वेळ राखून ठेवा. संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापून फाइलमध्ये लावा, म्हणजे समोरचं पान कोरं राहतं. संवाद उजवीकडे, क्यू डावीकडे, आणि लिहायचं ते पेन्सिलनेच. प्रकाशाचे आणि ध्वनीचे क्रमांक वेगळे ठेवा: लाइट १२, साउंड ५. तालमीत १२ आणि १३ च्या मध्ये नवा क्यू आला तर त्याला साडेबारा म्हणा. सगळे आकडे पुन्हा लिहायला घेतले की एकाच्या वहीत जुना आणि दुसऱ्याच्या वहीत नवा क्रमांक राहतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. क्यू देण्याची भाषाही ठरवून घ्या. साधारण अर्धं पान आधी ‘लाइट १२ तयार’, समोरून ‘तयार’ असं उत्तर, आणि नेमक्या क्षणी ‘गो’. तालमीत ‘गो’ हा शब्द इतर कशासाठीही वापरायचा नाही, चेष्टेतसुद्धा.

क्यू कशावर बांधायचा हे शिकवण्यासाठी एक साधा प्रसंग घ्या. पात्र खोलीत येतं, भिंतीवरचं बटण दाबतं आणि दिवा लागतो. मुलं हमखास लिहितात, ‘बटण दाबल्यावर’. मग बटण दाबलं जातं, व्यवस्थापक ते बघतो, ‘गो’ म्हणतो, प्रकाशवाला ऐकतो आणि कळ सरकवतो. एवढ्यात नट बटणापासून दोन पावलं पुढे गेलेला असतो आणि प्रेक्षक हसतात. आता तोच क्यू ‘हात उचलल्यावर’ असा लिहायला सांगा आणि पुन्हा करून बघा. सात-आठ वेळा केलं की व्यवस्थापकाचा श्वास नटाच्या हाताशी जुळतो. हे भाषण देऊन शिकवता येत नाही, म्हणून वेळापत्रकात एक अख्खी दुपार यासाठी मोकळी ठेवा.

जागेचं माप आधीच घ्या. रंगमंचाची रुंदी, खोली, विंगांमधलं अंतर, येण्या-जाण्याची दारं, प्लगच्या जागा. तालमीच्या खोलीत तेच माप जमिनीवर रंगीत टेपने आखा. टेप कापडी घ्या, कारण साधी चिकटपट्टी निघताना फरशीवर चिकटा सोडते आणि पायाखाली सुटते. खुर्ची-टेबलाच्या पायांच्या खुणाही करा. अंधारात नटांना दिसाव्यात म्हणून पायऱ्यांच्या कडेला चमकणारी टेप लावा. याच खोलीत डाव्या-उजव्याचा निकाल लावून टाका. रंगमंचावर उजवं म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं उजवं. कॅमेऱ्यात उजवं म्हणजे चौकटीचं उजवं, म्हणजे नेमकं उलट. एकच गट दोन्ही शिकत असेल तर पहिल्या दिवसापासून ‘नटाचं उजवं’ आणि ‘कॅमेऱ्याचं उजवं’ असं पूर्ण म्हणायची सवय लावा. थोडं लांबलचक वाटतं, पण टक्कर टळते.

प्रकाशयोजनेचा पहिला धडा दिवे भाड्याने आणण्याआधी उरकतो. खोलीत अंधार करा, एकाला खुर्चीवर बसवा आणि दुसऱ्याच्या हाती विजेरी द्या. हनुवटीखालून, डोक्यावरून, बाजूने, मागून, आणि मग समोरून तिरप्या वरच्या कोनातून. साधारण ४५ अंशांवर डोळे दिसतात आणि नाकाची सावलीही सुसह्य राहते, हे मुलं स्वतःच शोधून काढतात. दुसऱ्या बाजूनेही तसाच उजेड दिला की चेहरा भरून येतो. प्रत्यक्ष दिवे आले की विजेचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर निघतात. २३० व्होल्टवर १००० वॅटचा दिवा सुमारे ४.३ अँपिअर ओढतो, म्हणून १६ अँपिअरच्या जोडणीवर असे तीनच दिवे चालतात. चौथा लावला की फ्यूज जाण्याची वाट बघायची. हा कागद इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय काहीही जोडू नका. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सुरक्षेची साखळी हवी, शिडीखाली धरणारा एकजण हवा, आणि हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही. बोटांचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

ध्वनीबद्दल थोडक्यात. कंडेन्सर जातीच्या माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरीतून जाणारी वीज, लागतो, तो मिक्सरवर चालू आहे का हे बघा. कपड्याला लावायचा माइक हनुवटीखाली साधारण एका वितीवर, दागिने आणि ओढणीपासून दूर लावा. रेकॉर्डिंगचा आवाज शिगेला जाऊ देऊ नका. मोठ्यात मोठा संवाद मीटरवर (जिथे शून्य ही वरची मर्यादा असते) उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की अचानक किंकाळी आली तरी आवाज फाटत नाही. सभागृह रिकामं असताना अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. संकलनात दोन तुकड्यांमधली भेग बुजवायला तीच उपयोगी पडते.

आता कॅमेरा. नाटकाचं चित्रीकरण बिघडतं ते बहुतेक वेळा स्वयंचलित सेटिंगमुळे. आजूबाजूला काळोख आणि मध्ये एक उजळ चेहरा दिसला की कॅमेरा सगळं उजळवायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर ठरवून कायम ठेवा, मग मागचा पडदा काळा दिसला तरी चालेल. जिथे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवलं की चित्रात सहसा दिव्यांची लुकलुक येत नाही. काही एलईडी दिवे तरीही सतावतात, त्यामुळे खऱ्या दिव्यांखाली चाचणी घ्याच. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग, हातानेच ठरवा: पिवळसर टंगस्टन दिव्यांना ३२०० केल्विन, दिवसाच्या उजेडाला ५६००. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार केल्यावर, ऑटोफोकस चाचपडायला लागतो, तोही बंद ठेवा. शक्य असेल तर दोन कॅमेरे लावा. एक पूर्ण रंगमंच धरून स्टँडवर गच्च बसवलेला, पडद्याआधी चालू केलेला आणि शेवटपर्यंत न थांबवलेला. दुसरा जवळची दृश्यं टिपत फिरणारा. दुसऱ्यावरचं मूल हमखास चुकणार, आणि पहिला चालू असल्यामुळे त्याला निर्धास्त चुकता येतं. दोन्ही कॅमेरे चालू झाले की पडदा पडलेला असतानाच दोघांसमोर एक टाळी वाजवा, संकलनात आवाज जुळवायला सोपं जातं.

मेमरी कार्डाचा हिशेब कागदावर करा. ५० मेगाबिट प्रतिसेकंद दराने तासाभराचं चित्रीकरण सुमारे २२.५ जीबी होतं. रंगीत तालीम आणि प्रयोग दोन्ही टिपायचे असतील तर प्रत्येकासाठी वेगळं कार्ड घ्या. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करून, भरलेल्यांवर टेपचा तुकडा लावून ठेवा.

रंगीत तालमीआधी एक तांत्रिक तालीम घ्या. त्यात अभिनय जवळजवळ नसतो. एका क्यूपासून दुसऱ्यापर्यंत मधले संवाद गाळून उड्या मारत जायचं. नटांना याचा कंटाळा येतो, त्यांना आधीच तशी कल्पना द्या आणि पाणी, पंखा, बसायला खुर्च्या यांची सोय करा. या तालमीत शिक्षकाने क्यू देण्या-ऐकण्याचा हेडसेट घालू नये. वहीत चूक निघाली तर मुलांना थांबू द्या, ती त्यांनाच खोडू द्या, पुन्हा सुरू करू द्या. तुम्ही फक्त प्रत्येक खोळंब्याचं कारण लिहून ठेवा. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या आहेत का, अग्निशामक कुठे आहे, धुराचं यंत्र वापरणार असाल तर सभागृहाच्या व्यवस्थापनाला कळवलं आहे का, हे मात्र स्वतः बघा. ते मुलांवर सोडायचं नाही.

प्रयोग संपल्यावरच्या कामांची नावंही आधीच लिहून ठेवा, कारण तेव्हा सगळे फोटो काढण्यात गुंतलेले असतात. तापलेले दिवे थंड होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, वायरी कोपरावर न पिळता सैल वेटोळ्यात गुंडाळायच्या, फरशीवरची टेप काढायची. चित्रीकरणाच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. कार्ड कोऱ्या पाकिटात घालून त्यावर ‘पुसू नये’ असं लिहा आणि ते पाकीट संकलन करणाऱ्याच्या स्वाधीन करा. त्याने तिन्ही प्रती सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघडून बघेपर्यंत ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात जायचं नाही.