घरच्या सिनेमासाठी आणि गेमसाठी स्वस्तातला प्रोजेक्टर कसा निवडावा

जाहिराती बघण्याआधी टेप घ्या आणि खोली मोजा. ज्या भिंतीवर चित्र पाडायचं ती किती रुंद आहे आणि तिथून समोरच्या भिंतीपर्यंत अंतर किती, हे दोन आकडे लिहून ठेवा. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. हल्लीच्या १६:९ (रुंदी:उंची) चित्रात ८० इंचाचा पडदा सुमारे ५ फूट १० इंच रुंद असतो, १०० इंचाचा ७ फूट ३ इंच आणि १२० इंचाचा ८ फूट ९ इंच. प्रोजेक्टरच्या माहितीत 'थ्रो रेशो' दिलेला असतो. पडद्याच्या रुंदीला त्याने गुणलं की लेन्स भिंतीपासून किती लांब ठेवायची ते कळतं. थ्रो रेशो १.३ असेल तर १०० इंचासाठी साडेनऊ फूट लागतात. १० बाय १२ च्या खोलीत लांबीच्या बाजूने ते आरामात बसतं. तोच १.५ असेल तर जवळजवळ अकरा फूट लागतात, म्हणजे मशीन मागच्या भिंतीला चिकटतं आणि गरम हवा निघायला जागा राहत नाही. स्वस्त मशीनमधला 'झूम' बहुतेक वेळा डिजिटल असतो. तो चित्र लहान करतो, पण तेवढे पिक्सेल वाया घालवून.

आता उजेड. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. पेटीवरचे '९००० ल्युमेन', '१५००० ल्युमेन' हे आकडे विसरा आणि अन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. तो उजेड पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून काढतात. आकडा दिलेलाच नसेल तर ते मशीन सोडून द्या. थिएटरच्या पडद्यासाठी १६ फूट-लॅम्बर्ट (साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला १६ ल्युमेन) हा जुना मापदंड आहे, आणि त्याचा घरगुती हिशोब सोपा आहे: पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा आणि १६ ने गुणा. १०० इंचाचा पडदा ३० चौरस फूट, म्हणजे ४८० ल्युमेन. ८० इंचाचा १९ चौरस फूट, म्हणजे ३०० च्या वर. रंग नीट दिसावेत म्हणून सिनेमा मोड लावला की उजेड घटतो, आणि वापरानेही घटतो. म्हणून १०० इंचासाठी ६५०-७००, ८० इंचासाठी ४०० असलेलं घ्या. मशीन २०० चं असेल तर चित्र ६० इंचांवरच ठेवा.

हा हिशोब पूर्ण अंधारातला आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तिथे तो फक्त उजेड टाकत नाही. ट्यूबलाइट चालू असली किंवा खिडकीतून ऊन आलं की काळं राखाडी होतं, आणि ल्युमेन दुप्पट केले तरी ते काळं परत येत नाही. त्यामुळे महागडं मशीन घेण्याआधी खिडक्यांना जाड पडदे लावा. गच्चीवर बघायचं असेल तर पूर्ण अंधार पडल्यावर आणि रस्त्यावरच्या दिव्याकडे पडद्याची पाठ करून.

रिझोल्यूशनमध्ये 'नेटिव्ह' हा एकच शब्द बघा, म्हणजे मशीन प्रत्यक्षात किती पिक्सेल पडद्यावर टाकतं तो आकडा. '१०८०पी सपोर्टेड' किंवा '४के सपोर्टेड' याचा अर्थ मशीन ते चित्र आत घेतं एवढाच. बाहेर पडतं ते कदाचित ८०० × ४८०. सिनेमासाठी १९२० × १०८० नेटिव्ह हवं, फारच कमी बजेट असेल तर १२८० × ७२०.

दहा-पंधरा हजारांतली मशीन बहुतेक एकाच एलसीडी पॅनेलची आणि एलईडी दिव्याची असतात. सिनेमाला ती चालतात, पण वेगवान गेममध्ये हलत्या वस्तूमागे शेपटी दिसते आणि चित्राचे कोपरे मऊ पडतात. डीएलपीत बारीक आरसे हलतात, त्यामुळे चित्र धारदार राहतं. काही जणांना मात्र त्यात रंगांच्या रेघा चमकताना दिसतात, म्हणून घरातल्या सगळ्यांना दाखवून घ्या. तीन एलसीडीच्या मशीनमध्ये त्या रेघा नसतात. चांगल्या ब्रँडची फुल एचडी डीएलपी किंवा तीन एलसीडी घ्यायची तर पन्नास-साठ हजारांच्या पुढची तयारी ठेवा.

क्लासमधून किंवा ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन तीन हजार ल्युमेनचं आणि स्वस्त मिळतं. पण ते बरेचदा १०२४ × ७६८ चं असतं, त्यामुळे सिनेमाला वर-खाली पट्टे येतात. मेनूत लॅम्पचे तास बघा आणि नव्या लॅम्पची किंमत विचारूनच सौदा करा.

गेमसाठी खरा प्रश्न उशिराचा आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ ३० मिलिसेकंदांच्या आत असला तर उत्तम, ५० पर्यंत चालतं, १०० ला क्रिकेट गेममध्ये बॅट उशिरा फिरते. दुकानातच तपासा: लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, डिस्प्ले डुप्लिकेट करा, स्टॉपवॉच लावा आणि मोबाइलने दोन्ही स्क्रीन एकाच फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे लॅपटॉपच्या तुलनेत होणारा उशीर. पाच-सहा फोटोंची सरासरी काढा. गेम मोड चालू ठेवा आणि कीस्टोन बंद. कीस्टोन वाकडं चित्र सरळ करतो, पण पिक्सेल खातो आणि काही मशीनमध्ये उशीरही वाढवतो. मशीन भिंतीला काटकोनात ठेवलं तर तो लागतच नाही. मोबाइल मिररिंगवर गेम खेळू नका, त्यात उशीर वाढतो.

आतल्या अँड्रॉइडवरही पैसे घालू नका. परवाना नसलेल्या मशीनमध्ये नेटफ्लिक्ससारखी ॲप एकतर चालत नाहीत किंवा ४८०पी वर अडकतात. एचडीएमआयला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा. आवाजासाठी ब्लूटूथऐवजी वायर वापरा, नाहीतर ओठ आधी हलतात आणि संवाद नंतर ऐकू येतो.

मराठवाड्यात उष्णता आणि धूळ यांचा विचार मशीन निवडतानाच करावा लागतो. बहुतेक मशीनची चालण्याची मर्यादा ३५ किंवा ४० अंश असते, आणि एप्रिल-मे मध्ये नांदेड-परभणीचा पारा त्याच्या वर जातो. पॅनेल तापलं की त्यावर पिवळसर डाग पडतो आणि तो जात नाही. मशीन कपाटाच्या कप्प्यात कोंबू नका, चारी बाजूंना फूटभर जागा सोडा. मशीन कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, कारण त्या हवेत ओल असते आणि धूळही. एलईडी मशीन घेताना 'सील्ड ऑप्टिकल इंजिन', म्हणजे चित्र तयार करणारा आतला भाग धूळ जाणार नाही असा बंद, आहे का ते विचारा. उघड्या इंजिनात धूळ पॅनेलवर बसते आणि अंधाऱ्या दृश्यात धूसर ठिपके दिसतात. माळवदाच्या घरात वरून माती गळते, तिथे सील्डच घ्या आणि वापर नसताना मशीन कापडाने झाका.

लाइट गेली की पंखा थांबतो, पण आतली उष्णता तशीच राहते. लॅम्पच्या मशीनचं आयुष्य याने घटतं, एलईडीला हा त्रास कमी. एलईडी मशीनला कंप्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, लॅम्पच्या मशीनला १००० व्हीएचा घ्या. बॅकअपवर सिनेमा पुढे चालवू नका, मशीन नीट बंद करा आणि पंखा आपोआप थांबेपर्यंत यूपीएस चालू ठेवा.

पडद्यावर सुरुवातीला खर्च नको. गुळगुळीत प्लास्टर असलेल्या भिंतीवर पांढऱ्या मॅट इमल्शनचे दोन हात पुरतात. चकाकणारा रंग लावला तर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो.

घेताना अर्धा तास चालवून मगच ठरवा. काळ्यावर पांढरी अक्षरं असलेलं पान लावा, चारही कोपरे वाचा. अर्ध्या तासाने पुन्हा वाचा, कारण प्लास्टिकची लेन्स तापली की फोकस सरकतो. पंख्याचा आवाज दुकानाच्या गोंगाटात कळत नाही, म्हणून ऑनलाइन घेतलं असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी एकदा भर दुपारी, दारं-खिडक्या लावून, सलग तीन तास चालवा.