एक्के मेल्यावर काय करायचं

गोव्याला पोकरच्या मोठ्या सिरीजला निघालेल्या आपल्या कोल्हापूरच्या पोरांसाठी लिहितोय. पत्ते तुम्हाला खेळता येतातच. टाळकं सरकल्यावर काय करायचं तेवढं माझ्याकडून घ्या, त्याची फी मी भरलीय.

मागच्या सिरीजचा हिशेब बायकोच्या वहीत आहे. नऊ टूर्नामेंट, तेरा एंट्र्या (बाद झाल्यावर त्याच टूर्नामेंटला पुन्हा पैसे भरले तीही एंट्रीच), सरासरी २० हजार एकेक, म्हणजे २ लाख ६० हजार. परत आले ७८ हजार, तेही दोन मिन-कॅशचे, म्हणजे सगळ्यात छोट्या बक्षिसाचे. तिला फ्लश आणि स्ट्रेटमधला फरक कळत नाही, पण बोट बरोबर ठेवलं. "ह्या चार दिवशी दोनदोनदा पैसं भरलायसा. दुसऱ्यांदा किती वेळ टिकलासा?" सगळ्यात जास्त टिकलो तो पाऊण तास. ८० हजार तिथंच गेले.

म्हणून पहिलं काम घरी बसून करायचं. कुठल्या टूर्नामेंटला दुसरी एंट्री घेणार, ते निघण्याआधी कागदावर लिहा. मी अहेराची पाकिटं आणतो, एका एंट्रीचे पैसे एका पाकिटात, वर तारीख. यूपीआयची मर्यादा खाली आणून ठेवा, नाहीतर पाकिटं नुसती शोभेला. आणि एक ध्यानात घ्या, लेट रजिस्ट्रेशन (खेळ सुरू झाल्यावरही नाव घालायची मुदत) संपता संपता घेतलेल्या री-एंट्रीत पैसे तेवढेच जातात, चिप्सही तेवढ्याच मिळतात, पण ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी सक्तीनं लावायच्या चिप्स, चढलेले असतात. सकाळी त्या चिप्स दीडशे बिग ब्लाइंड (दोनातला मोठा) भरायला पुरत होत्या, आता वीसच. रागात असलेल्या माणसाला वीस ब्लाइंड म्हणजे पेट्रोलच्या कॅनशेजारी काडेपेटी.

आता एक्के. समोरासमोरच्या खेळात एका टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात, म्हणजे डाव, वाटले जातात. दहा तास बसलात तर अडीचशे-तीनशे. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते, म्हणजे दिवसातून साधारण एकदा. ती राजांच्या जोडीपुढे ऑल-इन झाली, म्हणजे सगळ्या चिप्स मध्ये गेल्या, तर जिंकायची शक्यता ८२ टक्के. ऐकायला झकास. पण अशी वेळ पाचदा आली तर पाचही वेळा जिंकायची शक्यता ३७ टक्केच उरते. पूर्वी ऑनलाइन चार टेबलं लावली की एक्के मेले, म्हणजे हरले, तरी तासाभरात पुन्हा यायचे, राग धरायला वेळच नसायचा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं ते दुकान बंद झालं. आता एका हाताला अख्खा दिवस चिकटतो. घरी ही आकडेमोड एकदा स्वतः करा. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, राजा पडल्यावर ती सुचत नाही.

टूर्नामेंटमधून बाहेर पडलात की एंट्रीच्या काउंटरकडे बघायचं नाही. मांडवीतल्या बोटीवर खेळत असाल तर खाली उतरा, छोटी बोट येईपर्यंत थांबा आणि किनारा गाठा. परत यायचं का, ते पणजीच्या जेटीवर उभं राहून ठरवा. असं जेटीवर ठरवून मी आजवर एकदाच परत गेलोय.

थांबलात त्या वेळात फोनवर हरलेला हात बोलून रेकॉर्ड करून ठेवा. कुणाकडे किती चिप्स, ब्लाइंड किती, कोण कुठं बसलेलं, कुणी किती लावले. समोरचा कसा गाढव होता ते त्यात नको. आणि दोस्तांच्या ग्रुपवर त्या रात्री काही टाकू नका. "लई बेक्कार भावा" अशी दहा उत्तरं येतात आणि आपण हुतात्मा होऊन पुन्हा काउंटरवर जातो. माझा मामा तालमीतला. चितपट झाला की आखाड्याबाहेरच्यांशी बोलायचाच नाही, आधी वस्तादाला विचारायचा, पाय कुठं सुटला.

सकाळी ते रेकॉर्डिंग ऐकून एकच प्रश्न: पैसे मध्ये गेले तेव्हा कुणाचे पत्ते पुढे होते? पुढे होतात, तर विषय संपला. मी अकरा वेळा बक्षिसाच्या पैशाआधी बाहेर पडलो, त्यात पुढे होतो चारदा. सातदा मागे. आणि महाद्वार रोडवर मात्र अकराही वेळा नशिबानं मारलं असं सांगत फिरत होतो.

किरकोळ गोष्टी: एसी मरणाचा असतो, जर्किन न्या. फुकटची दारू सगळ्यात महाग पडते. बक्षिसावर ३० टक्के कर, वर सेस, आणि वर्षभराचा तोटा त्यातून वजा होत नाही, तेव्हा मिन-कॅशवर जेवणं घालू नका.

हरलेल्या रात्री आंबोली घाट चढायचा नाही. झोपा, उजाडल्यावर निघा, आजऱ्यात चहा घ्या. घरी पोचलात की न फोडलेली पाकिटं आधी बायकोच्या हातात द्या. आमची तारखा वहीशी ताडून बघते, मगच ताट वाढते.