मृगाआधीची कामे : जुन्या टू-स्ट्रोक लॉनमोअरच्या तयारीची यादी

विदर्भात हिरवळ बारमाही नसते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की अंगणातील हरळी वाळून मातीच्या रंगाची होते आणि मृगाचे दोन बरे पाऊस पडले की तीच पंधरवड्यात घोट्याला लागते. म्हणून वखराची पास धार लावून आणण्याचे आणि तिफण तपासण्याचे जे दिवस, तेच जुन्या लॉनमोअरचेही, म्हणजे हिरवळ कापण्याच्या यंत्राचेही, समजावेत. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते व ७ जूनच्या आसपास मृग. या दोन आठवड्यांत पुढील सर्व कामे आटोपलेली असावीत. आठ महिने कोठ्यात पडलेला टू-स्ट्रोक मोअर आयत्या वेळी बाहेर काढून दोरी ओढल्याने सहसा सुरू होत नाही, आणि झालाच तर तो त्याचा शेवटचा हंगाम ठरण्याची भीती असते.

आरंभ यंत्राची ओळख पटवण्यापासून करावा, कारण तेलाचे प्रमाण, पात्याची जात आणि सुट्या भागांचा शोध हे सारे त्यावर ठरते. आपल्याकडे अशी यंत्रे सापडतात ती बहुधा जुन्या वसाहतींच्या लिलावात किंवा परदेशातून परतलेल्या कोणाच्या सामानात. माझ्याकडील व्हिक्टा एका बंद पडलेल्या विश्रामगृहाच्या भंगारातून किलोच्या भावाने आला. व्हिक्टा हा ऑस्ट्रेलियाचा मोअर. मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ मध्ये सिडनीच्या कॉन्कर्ड उपनगरात विलियर्स कंपनीचे टू-स्ट्रोक इंजिन वापरून त्याचा पहिला नमुना तयार केला आणि त्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा बसवला. आपल्या तालुक्याच्या गावचा कोणताही वेल्डर हे वाचून स्वतःलाच ओळखेल. दुसरे नाव आढळते ते अमेरिकेच्या लॉन-बॉयचे. यांपैकी आपल्याकडे कोणते आहे व ते कोणत्या काळातील आहे, हे सांगाड्यावरील पट्टी घासूनपुसून वाचावे आणि वहीत लिहून ठेवावे.

त्यानंतर तेलाचे प्रमाण निश्चित करावे. टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाचे वेगळे कुंड नसते. पेट्रोलबरोबर क्रॅंककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात, जाणारे तेल हेच बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडर यांचे एकमेव वंगण असते. उतारावर, म्हणजे धुऱ्याच्या कडेने, हे यंत्र तिरके चालवले तरी वंगणात खंड पडत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र मिश्रणात चूक झाली तर तिला वाचवणारे दुसरे काही नसते. नंतरच्या काळातील व्हिक्टाला २५ भाग पेट्रोलास १ भाग तेल लागते, म्हणजे एका लिटरला ४० मिली. लॉन-बॉयच्या नंतरच्या मॉडेलांना ३२ भागांस १, म्हणजे ३१ मिली. फार जुन्यांना १६ भागांस १, म्हणजे ६२ मिली. मोजण्यासाठी बाटलीच्या झाकणावर विसंबू नये. गुरांसाठी वापरतात ती २० मिलीची सिरिंज सुई काढून घ्यावी. तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचेच असावे. ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे इंजिन ऑइल घालण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील घटक जळून राख साचते. पहिल्या वर्षी मी शेजारच्या ब्रश कटरच्या कॅनमधील तयार मिश्रण वापरले, जे ५० भागांस १ असे होते. अर्धी हिरवळ कापून झाली नव्हती तोच पिस्टन जाम झाला. तेव्हापासून माझ्या मोअरचा कॅन वेगळा आहे आणि त्यावर प्रमाण रंगाने लिहिलेले आहे.

सर्वांत जास्त लक्ष मात्र पेट्रोलकडे द्यावे लागते, आणि हीच बाब बहुतेक जण हलक्याने घेतात. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ही जुनी यंत्रे घडली तेव्हा तसे इंधन कोणाच्या गणतीत नव्हते, म्हणून त्यांच्या पेट्रोल नळीचे रबर, कार्ब्युरेटरमधील पडदा आणि कॉर्कचा फ्लोट असल्यास तोही त्यात फुगतो किंवा विरतो. याहून गंभीर गोष्ट अशी की इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. श्रावणातील दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी काही आठवडे उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीचे तोंड तळाशी असल्यामुळे इंजिन आधी तो तळाचा थर ओढते, म्हणजे वंगणाविना चालते. इथेनॉल किती आहे याचा अंदाज घरीच घेता येतो : मोजमापाच्या काचेच्या नळीत १० मिली पाणी व ९० मिली पेट्रोल घालून, हलवून, स्थिर होऊ द्यावे, तळाचा थर १० मिलीवरून २८ मिलीच्या जवळपास गेला तर ते २० टक्क्यांचे इंधन होय. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडी ओढणाऱ्यांपासून दूर करावे व ते पेट्रोल पुन्हा टाकीत घालू नये. मृगाआधी टाकी काढून धुवावी, जुनी नळी कापून इथेनॉल सोसणारी नवी बसवावी, कार्ब्युरेटरचा पडदा बदलावा आणि जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे त्यातील बारीक भोक, फुंकून साफ करावा. जेटमध्ये तार घालू देऊ नये. एका मेकॅनिकने माझ्या देखत तशी घातली आणि भोक रुंदावल्यामुळे ते यंत्र संपूर्ण हंगाम काळा धूर ओकत राहिले.

यानंतर इंजिन हवाबंद आहे की नाही ते पाहावे. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आधी क्रॅंककेसमध्ये दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये जाते; त्यामुळे क्रॅंकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन टोकांची ऑइल सीले (रबरी कड्या) कडक झाली असतील तर तेथून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवा जास्त व पेट्रोल-तेल कमी पडते, आणि इंजिन तापून जाम होते. पत्र्याच्या कोठ्यातील उन्हाळ्यात रबर कडक होणारच. थ्रॉटल उतरवूनही वेग उतरत नसेल आणि प्लग पांढराफटक निघत असेल, तर संशय प्रथम सीलवर घ्यावा. तपासणीसाठी रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा व काटा उत्तम उपयोगी पडतो. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून ती तोंडे सायकलच्या ट्यूबचे तुकडे व पट्टी लावून बंद करावीत, पिस्टन तळाशी आणावा, प्लगच्या भोकातून काट्यावर २५० मिमी (पाऱ्याचे) दाब दिसेपर्यंत हवा भरावी आणि काटा काही मिनिटे स्थिर राहतो का ते पाहावे. उतरला तर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे कोरलेले असतात. ते उतरवून घेऊन नागपूरच्या बेअरिंगच्या दुकानात विचारले तर बहुधा काम भागते. जमल्यास व्हिटॉनचे, म्हणजे उष्णता व इंधन सोसणाऱ्या रबराचे, सील घ्यावे. बोअर करून नवा पिस्टन घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ही चाचणी झाल्याशिवाय तो मानू नये, कारण माझ्या पाहण्यातील बरीच ‘मेलेली’ इंजिने पाचपन्नास रुपयांच्या सीलावर उठली आहेत.

ठिणगीचे काम त्या मानाने सोपे आहे. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क) असलेल्या यंत्रात फ्लायव्हील (क्रॅंकवरील जड चाक) काढून पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसावेत, पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने फट लावावी आणि प्लग नवा घालावा. फ्लायव्हील निघालेच आहे तर त्याची चावीही (ते चाक क्रॅंकवर जागेवर धरणारी छोटी पाचर) पाहावी : पाते गोट्यावर आदळले की ती थोडी कापली जाते, टायमिंग सरकते आणि दोरी हाताला झटका देते.

सायलेन्सर उघडून एक्झॉस्टच्या तोंडावरील काजळी काढावी. पिस्टन फिरवून ते तोंड झाकून घ्यावे आणि बांबूची कमची चपटी तासून तिने खरवडावे, कारण स्क्रू ड्रायव्हरने पिस्टनवर चर पडतात. आपल्याकडे बांबूची उणीव नाही.

पात्यांकडे हात नेण्यापूर्वी प्लगची वायर काढून बाजूला बांधावी; या एका बाबतीत घाई मुळीच करू नये. व्हिक्टाच्या चकतीवरील पाती झुलणारी असल्यामुळे गोट्यावर आपटून मागे सरतात, तरी पाती आणि त्यांचे बोल्ट एकदमच, पूर्ण संच बदलावेत, नाहीतर तोल जाऊन क्रॅंकचे बेअरिंग खाल्ले जाते. लॉन-बॉयचे पाते एकसंध असते. त्याला धार दोन्ही टोकांना सारखी लावावी व मध्ये खिळ्यावर टांगून तोल पाहावा. जागेचीही तयारी करावी. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगा पहिल्या पावसात मिटतात आणि त्यांच्या कडेचे गोटे वर येतात. ते वेचून काढावेत. पावसाळ्यात गवतात घोणस किंवा फुरसे असू शकते, म्हणून गमबूट घालून काठीने गवत झोडपून घ्यावे. टिटवीची अंडी आढळल्यास तेवढा तुकडा सोडून द्यावा. अंडी उंचावर की सखलात, यावरून पावसाचा अंदाज बांधणारे शेजारी तशीही ती पाहायला येतातच.

पडदा आणि गॅसकेट परदेशातून मागवायचे असल्यास होळीच्या आसपास मागवावेत. दोरी, चाकांचे बुश आणि नटबोल्ट तालुक्याला मिळतात. सर्व जुळल्यावर अर्धा लिटर ताजे मिश्रण करून सकाळच्या थंडाव्यात यंत्र मोकळ्यावर दहा मिनिटे चालवावे आणि प्लग काढून पाहावा : रंग बदामी असेल तर ठीक, पांढरा असेल तर पुन्हा सीलकडे वळावे, काळा ओला असेल तर जेट आणि एअर फिल्टर पाहावेत. हंगामात आठवड्याहून अधिक खंड पडणार असेल तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, टाकी कॅनमध्ये रिकामी करावी आणि त्या कॅनवर मिश्रण केल्याची तारीख खडूने लिहावी.